उकळलं म्हणजे निर्जंतुक झालं का? लहान हॉस्पिटलात उपकरणं धुण्यापासून ऑटोक्लेव्हपर्यंत

दुर्बिणीतून पित्ताशयाचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन होतं, पेशंट दोन दिवसांत घरी जातो, टाके सुकतात. मग महिनाभराने बेंबीजवळच्या छिद्रापाशी गाठ येते आणि पाण्यासारखा पातळ पू वाहू लागतो. नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही. भारतातल्या सर्जनांना हे चित्र चांगलं परिचयाचं आहे. बहुतेक वेळा यामागे पाण्यात आणि मातीत राहणारे, क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातले पण क्षयरोग न करणारे मायकोबॅक्टेरिया असतात. उपकरण नीट न धुता रसायनात बुडवलं, पुरेसा वेळ ठेवलं नाही किंवा बाहेर काढून नळाच्या नाहीतर उकळलेल्या पाण्याने विसळलं, म्हणजे यांना वाट मिळते. पुढचे कित्येक महिने पेशंट औषधं खातो, कधी जखम पुन्हा उघडून कापून काढावी लागते.

सुई-सिरिंजची गोष्ट याहून सरळ आणि याहून भयंकर आहे. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, अनेक माणसं दगावली आणि तपासाचा माग पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांपर्यंत गेला. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो, तेव्हा ‘काल वापरलेली आहे, वाळली आहे’ या म्हणण्यात काही अर्थ नाही. डिस्पोजेबल सुई, सिरिंज, सलाइन सेट, ब्लेड, लॅन्सेट यांना धुऊन वापरण्याची कुठलीही पद्धत नाही, त्यामुळे इथेही ती दिलेली नाही. त्यांची जागा कचऱ्याच्या नियमांनुसार: सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, सुई काढलेली सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत.

खाली जे आहे ते पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेल्या उपकरणांबद्दल, आणि ज्यांच्याकडे मोठ्या हॉस्पिटलसारखा वेगळा निर्जंतुकीकरण विभाग नाही अशा नर्सिंग होम, दातांचे दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी.

कशाला किती

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांची विभागणी आजही जगभर चालते, कारण ती उपकरणाचा आकार किंवा किंमत न पाहता ते शरीरात कुठे जाणार एवढंच पाहते. त्वचा भेदून रक्तात, ऊतीत किंवा निर्जंतुक पोकळीत जाणारं ते अतिधोक्याचं: आर्टरी फोर्सेप, कात्री, नीडल होल्डर, क्युरेट, लॅप्रोस्कोपीचे (दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनचे) ट्रोकार, म्हणजे पोटाला छिद्र पाडून आत घालायच्या नळ्या, दात काढायचे फोर्सेप. याला निर्जंतुकीकरणच हवं, म्हणजे जिवाणूंचे स्पोअर, जाड कवचातली त्यांची सुप्त रूपं, तीसुद्धा मेली पाहिजेत. तोंड, घसा, योनी, आतडं यांच्या ओल्या अस्तराला लागणारं ते मधल्या धोक्याचं: लॅरिंगोस्कोपचं ब्लेड, स्पेक्युलम, एंडोस्कोप. याला किमान उच्च दर्जाचं जंतुनाशन लागतं, म्हणजे स्पोअर सोडून बाकीचे जंतू मेले पाहिजेत. फक्त धडधाकट त्वचेला लागणारं, म्हणजे बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, बेडपॅन, हे साबणपाण्याने धुऊन किंवा ७० टक्के अल्कोहोलने पुसून भागतं.

जंतूही सारख्या चिवटपणाचे नसतात. सगळ्यात लवकर मरतात ते चरबीचं आवरण असलेले विषाणू, आणि एचआयव्ही व हिपॅटायटिस बी त्यातच येतात. त्यांच्यापेक्षा साधे जिवाणू आणि बुरशी चिवट, त्यांच्यापेक्षा आवरण नसलेले विषाणू, मग मायकोबॅक्टेरिया आणि त्यांच्याही वर धनुर्वात आणि गॅस गँगरिनचे स्पोअर. आपल्याकडे एचआयव्हीच्या धास्तीने ब्लीचच्या बादल्या भरल्या जातात आणि त्याच खोलीत स्पोअर न मारणारं उकळतं पाणी ‘स्टरलायझर’ म्हणून खुशाल चालू असतं. भीती चुकीच्या जंतूची आहे.

ऑपरेशन संपलं तिथूनच काम सुरू

रक्त वाळू देऊ नका, हा पहिला नियम. ऑपरेशन चालू असतानाच साहित्य डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या गॉजने पुसत जा. सलाइनने नको, त्यातलं मीठ स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि पुढे त्या खड्ड्यांत रक्त अडकतं. सक्शनच्या नळीतून शेवटी पाणी ओढून घ्या. संपल्यावर ब्लेड आर्टरी फोर्सेपने धरून काढा, बोटांनी नाही, आणि तिथल्या तिथे डब्यात टाका. बाकीचं साहित्य सांधे उघडे ठेवून झाकणाच्या ट्रेमध्ये, ओल्या टॉवेलखाली, धुण्याच्या जागी न्या.

आता त्या प्रसिद्ध बादलीबद्दल. वापरलेलं साहित्य आधी ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवायचं आणि मग धुवायचं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत मात्र धुण्याआधी असं बुडवू नका असं सांगितलं आहे. कारणं पटण्यासारखी आहेत. रक्त असलं की क्लोरीन त्या रक्तावरच खर्च होतं. स्टील गंजतं. आणि धुणाऱ्या मावशींना वाटतं की आता हे सुरक्षित झालं, मग त्या पातळ हातमोज्यांनी किंवा उघड्या हातांनी घासतात. त्यापेक्षा जाड रबरी हातमोजे, न भिजणारा एप्रन, मास्क आणि चष्मा द्या, आणि थेट धुवायला घ्या.

तुमच्या संस्थेच्या नियमात बादली असेलच, तर निदान ती बरोबर बनवा. ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन धरलं तर एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन चहाचे चमचे. द्रव हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध आणि नऊ भाग पाणी. बादली प्लास्टिकचीच हवी. दहा मिनिटं म्हणजे दहाच. जेवण करून येईपर्यंत नाही. काढल्याबरोबर साध्या पाण्याने विसळा. द्रावण रोज नवीन करा, आणि लालसर दिसलं की दिवस संपायची वाट न पाहता टाकून द्या. कोकणात पावसाळ्यात ब्लीचिंग पावडरचे ओले गोळे झालेले दिसतात. तशा पावडरीतलं क्लोरीन बरंचसं उडून गेलेलं असतं, ती मोजून घालण्यात काही हशील नाही. ब्लीचमध्ये अॅसिड, फिनेल किंवा दुसरं कुठलंही औषध मिसळू नका. अॅसिडमुळे क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो फुप्फुसं जाळतो.

धुणं

सगळ्या साखळीत सर्वात कमी लक्ष इथे दिलं जातं आणि सर्वात जास्त नापास इथेच होतात. रक्त-चरबीचा थर जंतूंवर राहिला की वाफ किंवा रसायन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. घाण असलेली वस्तू ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढली तर घाण फक्त भाजून पक्की होते. अस्वच्छ उपकरण निर्जंतुक होऊ शकतं ही कल्पनाच सोडून द्या.

तीन टब लागतात: एक एन्झाइमच्या द्रावणाचा, एक साध्या पाण्याचा, एक शेवटच्या विसळणीचा. हात धुण्याचं बेसिन यासाठी वापरू नये. एन्झाइमचं प्रमाण बाटलीवर असेल ते. बरीच उत्पादनं लिटरला ५ ते १० मिलि या हिशोबाची असतात. अंदाजाने ओतणं थांबवा आणि मापाचा कप टांगून ठेवा. पाणी कोमट हवं, ४५ अंशांच्या वर नको. कढत पाणी घातलं तर रक्तातली प्रथिनं गोठून स्टीलला चिकटतात आणि एन्झाइमही निकामी होतं. कपडे धुण्याची पावडर वापरू नका. फेसात काही दिसत नाही आणि तिचा थर राहतो.

सांधे पूर्ण उघडून, सुटे होणारे भाग सुटे करून पाच ते दहा मिनिटं बुडवा. मग पाण्याच्या पातळीखालीच मऊ नायलॉनच्या ब्रशने घासा. नळाखाली वर धरून घासलं की शिंतोडे डोळ्यांत जातात. ब्रश तीन ठिकाणी मुद्दाम फिरवायचा: सांध्याच्या आत, जबड्याच्या दातऱ्यांमध्ये आणि मुठीजवळच्या अडकवणीत. तारेची घासणी वर्ज्य, कारण तिचे ओरखडे म्हणजे जंतूंना कायमची घरं. पोकळ वस्तूंना, म्हणजे सक्शन कॅन्युला, ट्रोकार, बायोप्सीची सुई यांना, नळीच्या व्यासाचा ब्रश लागतो आणि तो दुसऱ्या टोकाने बाहेर आला पाहिजे. तो स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. शेवटी सिरिंजने पाणी जोरात मारा.

अल्ट्रासोनिक यंत्र असेल तर हे काम सोपं होतं, पण ते ब्रशची जागा घेत नाही. आधी ढोबळ घाण काढून मग त्यात टाका, सांधे उघडे, झाकण लावलेलं. यंत्र चालतं की नुसतं गुणगुणतं हे बघायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी त्यात वीस-तीस सेकंद उभी धरा. सगळीकडे बारीक खळगे आणि छिद्रं पडली तर ठीक. एका बाजूची पट्टी कोरी राहिली तर त्या बाजूचं साहित्य स्वच्छ होत नाहीये.

शेवटची विसळणी डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्याने. बोअरचं जड पाणी वापरलं की पांढरे डाग राहतात, सांधे आखडतात, आणि सिस्टर त्यावर तेल सोडतात. तेल मात्र अजिबात नको. तेलाच्या थराखाली वाफ शिरत नाही. वंगण लागलंच तर पाण्यात मिसळणारं, उपकरणांसाठीचं.

मग कोरडं करा आणि पाहा. चांगला दिवा आणि भिंग एवढं पुरे. शंका आली तर दातऱ्यांवर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. फेस आला म्हणजे रक्त शिल्लक आहे. ते उपकरण पुन्हा पहिल्या टबात. नसेल आला तरी पेरॉक्साइड धुऊन टाकायला विसरू नका. गंजलेली कात्री बाजूला काढा, कारण तिचा गंज ट्रेमधल्या बाकीच्यांनाही लागतो.

ऑटोक्लेव्ह

वाफ मारते ती दाबाने नाही, तापमानाने आणि ओलेपणाने. दाब केवळ १०० अंशांच्या वर जायला लागतो. आत हवा राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो पण तापमान तिथवर पोचत नाही: हवा पूर्ण निघाली असेल तर १२१ अंश, अर्धी राहिली तर ११२, अजिबात काढली नाही तर १०० च. हे आकडे यंत्राशेजारी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. कुकरला शिट्टी लावण्याआधी वाफेची सरळ धार येऊ देतात ना, त्याचं कारण हेच.

उभा, साधा ऑटोक्लेव्ह असेल तर क्रम असा:

१. तळाशी खुणेपर्यंत डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घाला. रोज बदला.

२. साहित्य सांधे उघडून, जाळीच्या ट्रेमध्ये, दुहेरी सुती कापडात किंवा कागदी पाकिटात बांधा. कापड नवीन असेल तर आधी धुऊन खळ काढलेलं हवं. वाट्या आणि किडनी ट्रे आडव्या कडेवर ठेवा. उताण्या ठेवल्या तर त्यात हवा आणि पाणी दोन्ही साठतात. प्रत्येक गठ्ठ्याच्या मध्यभागी रासायनिक निदर्शकाची, म्हणजे रंग बदलणारी, पट्टी टाका.

३. ड्रम (साहित्य ठेवायचा झाकणाचा धातूचा डबा) वापरत असाल तर बाजूच्या खिडक्या उघडा. विसरण्यासारखी गोष्ट वाटते आणि खरोखरच विसरली जाते. ड्रममध्ये गॉज इतका कोंबू नका की हात आत जाणार नाही.

४. आतली जागा तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका. गठ्ठे उभे, मध्ये बोटभर जागा, भिंतीला न टेकवता.

५. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. हवेचा कॉक उघडा ठेवून तापवा. फुरफुर थांबून वाफेची अखंड धार आल्यावरही तो काही मिनिटं उघडाच राहू द्या, मग बंद करा.

६. तापमान १२१ आणि दाब १५ पौंडांवर आल्यावर घड्याळ लावा, त्याआधी नाही. बांधलेल्या साहित्याला ३० मिनिटं, न बांधलेल्याला २०. मध्ये वीज गेली आणि तापमान उतरलं तर उरलेली मिनिटं मोजायची नाहीत, पुन्हा शून्यापासून.

७. वेळ संपल्यावर वाफ सोडा. काटा शून्यावर आला की झाकण किंचित सैल करून १५ ते २० मिनिटं आतल्या उष्णतेनेच वाळू द्या. बाटल्यांमधले द्रव असतील तर वाफ सोडायची नाही, आपोआप थंड होऊ द्यायचं. नाहीतर बाटल्या उतू जातात किंवा फुटतात.

८. बाहेर काढल्याबरोबर ड्रमच्या खिडक्या लावा. गरम गठ्ठे गार फरशीवर किंवा स्टीलच्या टेबलावर ठेवू नका, खाली पाणी सुटतं. जाळीवर ठेवा.

ओला निघालेला गठ्ठा म्हणजे अपयश, मग निदर्शकाचा रंग बदललेला असो. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. असं वारंवार होत असेल तर गर्दी, न वाळवता घाईने काढणं किंवा जास्त पाणी, यापैकी काहीतरी आहे. उन्हात वाळवून तो गठ्ठा वापरण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. ती बंद करा आणि सगळं उलगडून पुन्हा लावा.

उंचीवरच्या दवाखान्यांसाठी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो आणि उंचीवर बाहेरची हवाच विरळ असते. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, काट्यावर १५ पौंड असताना आत जेमतेम ११८ अंश भरतात. दर ३०० मीटरला अर्धा पौंड वाढवा: पुण्यात साधारण एक, महाबळेश्वर-पाचगणीला दोनच्या वर. यंत्राला तापमापक असेल तर हा हिशोब करावा लागत नाही, तो १२१ दाखवेपर्यंत थांबायचं. मात्र सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उडतो हे पाहिल्याशिवाय दाब वाढवू नका.

व्हॅक्यूम पंपाचा, आडवा, दातांच्या दवाखान्यात असतो तसा ऑटोक्लेव्ह १३४ अंशांवर तीन-चार मिनिटांत काम करतो, कारण तो हवा आधीच ओढून काढतो. पंपाने दगा दिला तर सगळंच फसतं. म्हणून रोज सकाळी पहिली सायकल रिकामी, फक्त बोवी-डिक चाचणीच्या पाकिटासह लावा. पाकिटातला कागद मध्यभागी फिका राहिला तर तिथे हवा अडकली होती. दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र बंद. याच दवाखान्यांत हँडपीसबद्दलही (दात कोरायच्या फिरत्या उपकरणाबद्दल) एक सवय मोडायला हवी: स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटला लावणं. हँडपीस थांबताना तोंडातलं पाणी-रक्त आत ओढलं जातं आणि पुढच्याच्या तोंडात बाहेर पडतं. पेशंट झाल्यावर २०-३० सेकंद पाणी-हवा सोडा, बाहेरून धुवा, कंपनीने सांगितलेलं तेल घालून जास्तीचं निघेपर्यंत फिरवा, पाकिटात घालून ऑटोक्लेव्ह करा. (वरचा तेलाचा नियम इथे लागू नाही, आतल्या बेअरिंगला ते लागतंच.) याचा अर्थ दोन हँडपीसवर दिवसभराची ओपीडी निघत नाही.

झालं हे कशावरून

गठ्ठ्यावर बाहेरून लावलेल्या चिकटपट्टीच्या रेषा काळ्या झाल्या म्हणजे तो गठ्ठा यंत्रातून गेला, इतकंच कळतं. किती वेळ, किती तापमान, हे ती चिकटपट्टी सांगत नाही. आतली चौथ्या किंवा पाचव्या वर्गाची पट्टी त्यापुढची माहिती देते आणि ती गठ्ठा उघडल्यावर, उपकरणाला हात लावण्याआधी वाचायची असते. खरा पुरावा म्हणजे स्पोअरची कुपी. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे, उष्णतेला अतिशय चिवट असे स्पोअर असतात. ती भरलेल्या यंत्रातल्या सर्वात अवघड जागी, एखाद्या मोठ्या गठ्ठ्याच्या पोटात ठेवा. सायकल झाल्यावर ५५ ते ६० अंशांच्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये घाला आणि सोबत यंत्रात न घातलेली, त्याच लॉटची दुसरी कुपी. दुसरीचा रंग बदलला पाहिजे, पहिलीचा बदलता कामा नये. दुसरीचाही बदलला नाही तर स्पोअर आधीच मेलेले होते आणि चाचणीला अर्थ उरत नाही. हे आठवड्यातून एकदा, आणि प्लेट-रॉडसारखं काही शरीरात कायम बसवायचं असेल तर त्या प्रत्येक लोडला.

कुपी नापास झाली तर यंत्र थांबवा आणि मागच्या पास चाचणीनंतरचे सगळे न उघडलेले गठ्ठे परत गोळा करून पुन्हा लावा. हे जमण्यासाठी प्रत्येक गठ्ठ्यावर तारीख, लोडचा क्रमांक आणि लावणाऱ्याची सही हवी, आणि पेशंटच्या पेपरवर तो लोड क्रमांक. त्या रजिस्टरशिवाय कुठला गठ्ठा कुणाला वापरला हे शोधता येत नाही.

गठ्ठे कोरड्या, बंद कपाटात ठेवा. फाटला, भिजला, खाली पडला की तारीख काहीही असो, तो बाद. न उघडलेला ड्रम आठवड्याने पुन्हा लावा, उघडलेला २४ तासांनी.

उकळणं, ग्लुटाराल्डिहाइड आणि बाकीचे

खळखळ उकळायला लागल्यापासून २० मिनिटं, झाकण लावून, सगळं बुडालेलं. मध्ये आणखी एक उपकरण टाकलं की पुन्हा पहिल्यापासून २० मिनिटं. यातून उच्च दर्जाचं जंतुनाशन मिळतं, स्पोअर वाचतात. म्हणजे वीज नसलेल्या उपकेंद्रात स्पेक्युलमसाठी हा नाइलाजाचा मार्ग आहे. टाके घालायच्या साहित्यासाठी नाही. स्पेक्युलम स्टीलचं असल्याने शक्य तिथे ते ऑटोक्लेव्हच करावं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू ग्लुटाराल्डिहाइडला (उपकरणं बुडवायचं जंतुनाशक रसायन) आणि अल्कोहोलला प्रयोगशाळेत दाद देत नाही असं दिसलं आहे.

उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड. सोबतची पावडर घातली की ते कामाला येतं आणि उत्पादनानुसार १४ किंवा २८ दिवसांनी मुदत संपते. ही मुदत म्हणजे हमी नव्हे. रोज ओलं साहित्य टाकलं की द्रावण पातळ होत जातं, आणि पाचव्या दिवशीच ते निव्वळ वासापुरतं उरलेलं असू शकतं. दररोज वापरण्याआधी त्याच कंपनीची चाचणी-पट्टी बुडवा. नापास झाली की मुदत बाकी असली तरी ओतून टाका. साहित्य कोरडं करून, सुटं करून, नळ्यांमध्ये सिरिंजने द्रावण भरून बुडवा, आत बुडबुडा राहिला तर तेवढा भाग कोरडाच राहतो. उच्च दर्जाच्या जंतुनाशनाला किमान २० मिनिटं, लेबलवर जास्त असेल तर तेवढी. निर्जंतुकीकरणाला १० तास. वीस मिनिटांत निर्जंतुक होतं हा समज लॅप्रोस्कोपीच्या कितीतरी संसर्गांच्या मुळाशी आहे. ब्राझीलमध्ये २००६-०७ च्या सुमारास अशाच शस्त्रक्रियांनंतर मायकोबॅक्टेरियाची मोठी साथ आली. सापडलेला जंतू २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडलाही पुरून उरणारा होता.

विसळणं निर्जंतुक पाण्याने, तीनदा, दरवेळी नवीन पाण्याने. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी इथे आलं की सुरुवातीला सांगितलेला जंतू आलाच. द्रावणाची वाफ डोळ्यांना आणि दम्याला वाईट. झाकणाचा ट्रे, नायट्राइलचे हातमोजे आणि बाहेर फेकणारा पंखा हवा.

लॅप्रोस्कोपीत खरं उत्तर वेगळं आहे. ट्रोकार आणि बहुतेक हँड इन्स्ट्रुमेंट ऑटोक्लेव्ह होतात. दुर्बिणीवर तसं लिहिलं असेल तर तीही होते, नसेल तर कमी तापमानाचं निर्जंतुकीकरण: ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा. सुटी न होणारी जुनी हँड इन्स्ट्रुमेंट मोडीत काढा, कारण त्यांच्या दांड्यात अडकलेलं रक्त कुठल्याच ब्रशला सापडत नाही. आणि दिवसाला चार केस असतील तर एका सेटवर ते निघत नाही. दोन केसच्या मधला वेळ वीस मिनिटांचा ठरतो तो विज्ञानाने नाही, सेट एकच असल्याने. सेट वाढवा किंवा केस कमी करा.

एंडोस्कोप हा स्वतंत्र विषय आहे, तरी दोन पायऱ्या गाळल्या जातात म्हणून सांगायच्या: धुण्याआधी गळतीची चाचणी, आणि शेवटी नळ्यांतून ७० टक्के अल्कोहोल व हवा मारून उभा टांगून वाळवणं. ओल्या नळीत रात्रीत जंतूंची नवी पिढी तयार होते.

काही गोष्टी मात्र सरळ हटवाव्यात. फॉर्मलिनच्या गोळ्यांचा डबा: त्याची वाफ, ओलावा, वेळ काहीच मोजलेलं नसतं, शिवाय फॉर्मलिन कर्करोगकारक आहे. निळ्या दिव्याची यूव्ही पेटी: किरण पडतील तो पृष्ठभाग सोडून मागे-खाली काहीच होत नाही, ठेवायला कपाट म्हणून चालेल. सॅव्हलॉनच्या पाण्यात बुडवून ठेवलेली कात्री आणि चिटल फोर्सेप (निर्जंतुक साहित्य उचलायचा लांब चिमटा): त्या बरणीत स्यूडोमोनास हा जिवाणू आरामात वाढतो. चिटल कोरड्या, निर्जंतुक बरणीत ठेवा आणि दर पाळीला बरणीसकट बदला.

हाताला टोचलं तर

साहित्य धुताना टोचलं तर जखम दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सरकारी रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात ती मिळतात. हिपॅटायटिस बीचा धोका एचआयव्हीच्या कित्येक पटींनी जास्त असतो आणि त्याला लस आहे: ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, शेवटच्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी, १० च्या वर आकडा हवा. ही लस डॉक्टर आणि सिस्टरना आठवणीने दिली जाते. टबाजवळ उभं राहून साहित्य घासणाऱ्या मावशींचं कार्ड मात्र बहुतेक ठिकाणी कोरं असतं. त्यांचा पहिला डोस याच आठवड्यात द्या.